फ्लोअर खाली आला, पण बस कडेला लागते का?

लोक म्हणतात की लो-फ्लोअर, म्हणजे दारात पायऱ्या नसलेल्या बस आल्या, आता व्हीलचेअरचा प्रश्न मिटला. अर्धंच खरं आहे. गणित बघा: फ्लोअर रस्त्यापासून साधारण 400 मिमी. एअर सस्पेन्शनमधली हवा सोडून बस दाराकडे झुकवली की 60-70 मिमी कमी होतात. फुटपाथ 150 मिमीचा असेल तर उरले 180-190. घडीचा रॅम्प मीटरभर धरला तर चढ 1:5 च्या आसपास, मागून कुणी ढकललं तर जमतं. पण स्टॉपसमोर उपनगरात रिक्षा, शहरात टॅक्सी लागलेल्या असतातच. मग बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, रॅम्प डांबरावर टेकतो आणि तोच चढ 1:3 होतो. तिथे दोघांनी उचलल्याशिवाय खुर्ची चढत नाही.

पावसाळ्यात रॅम्पच्या बिजागरीत चिखल-वाळू बसते आणि पट्टी उचलेनाशी होते. डेपोत धुताना तिथे ब्रश फिरायलाच हवा. स्टॉपचं रेलिंग रॅम्पच्या मधल्या दारासमोर आलं तर सगळंच मुसळ केरात.

बसच्या आत मागच्या भागात पायऱ्या असतात, त्यांच्यावर उगाच राग नको. फ्लोअर शेवटपर्यंत सपाट हवा तर मागे ड्रॉप ॲक्सल (चाकांमधला, मध्यभागी खाली उतरलेला आस) लागतो, आणि तो महाग पडतो.