मदत हवी आहे: मातीनिहाय केळीचं क्षेत्र बेरजेत जास्त का येतं?

तापीकाठ: नमस्कार मंडळी. रावेर-यावलच्या केळीचं डेटा वेअरहाउस (रिपोर्टसाठी एकत्र केलेला डेटा) पोस्टजीआयएसवर, म्हणजे नकाशे सांभाळणाऱ्या डेटाबेसवर, बांधतोय. फॅक्ट टेबलात (आकड्यांचा मुख्य तक्ता) एका ओळीला एक गट (गट नंबरची जमीन), एक हंगाम. लागवड हेक्टरमध्ये, उत्पादन टनांत. मातीचे पॉलिगॉन (नकाशावरचे बंदिस्त आकार) वेगळ्या डायमेन्शनमध्ये, म्हणजे वर्णनाच्या तक्त्यात. एसटी_इंटरसेक्ट्सने (दोन आकार एकमेकांना भिडतात का ते पाहणारं फंक्शन) जोडले की बेरीज सातबाऱ्यापेक्षा जास्त येते, रिपोर्टही रेंगाळतो. कुठं चुकतंय?

गिरणाथडी: भाऊ, एक गट दोन मातींवर पडला की त्याची ओळ दोनदा येते. २ हेक्टरांपैकी १.४ काळीत, ०.६ चोपणात असेल, तर जोडणी दोन्हीकडे पूर्ण २ धरते, बेरीज ४. बांधाला नुसती टेकलेली मातीसुद्धा इंटरसेक्ट्समध्ये मोजली जाते.

मध्ये ब्रिज टेबल (दोघांना जोडणारा तक्ता) घाला: गट, माती, वाटा. वाटा म्हणजे सामाईक तुकड्याचं क्षेत्र भागिले गटाचं नकाशावरचं क्षेत्र, इथं ०.७ आणि ०.३. हे गणित डेटा लोड करतानाच उरकायचं, रिपोर्टमध्ये भूमिती आणायचीच नाही. रेंगाळणं तिथंच थांबतं. त्याआधी एसटी_मेकव्हॅलिड (बिघडलेले आकार दुरुस्त करणारं फंक्शन) चालवा आणि गट-माती हे दोन्ही थर ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम नकाशा-प्रणालीत न्या. अख्खा खान्देश यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये बसतो. ४३२६ मध्येच (अक्षांश-रेखांशांची प्रणाली) ठेवलं तर क्षेत्र चौरस अंशांत येईल.

लागवड मात्र सातबाऱ्याचीच घ्या आणि वाट्याने गुणा, म्हणजे बेरीज दप्तराशी जुळेल. लोडनंतर प्रत्येक गटाच्या वाट्यांची बेरीज तपासा. १ पेक्षा कमी म्हणजे नकाशात फट आहे. उरलेला वाटा ‘माती अज्ञात’ या ओळीवर टाका. जास्त म्हणजे मातीचे पॉलिगॉन एकमेकांवर चढलेत, ते नकाशातच दुरुस्त करा.

तापीकाठ: उत्पादनालाही तोच वाटा चालेल का? पुढे धुळे-नंदुरबारचा १९९५ पासूनचा कापूसही घ्यायचाय.

गिरणाथडी: चालेल, पण त्यात दोन्ही मातींवर सारखंच पिकलं असं गृहीत धरलं जातं, ते रिपोर्टवर लिहा. आणि हेक्टरी उताऱ्याची सरासरी काढू नका; एकूण टन भागिले एकूण हेक्टर करा. शेतकऱ्यांची संख्या वाट्याने गुणायची नाही, वेगळे खातेदार मोजायचे.

सातपुडा_पायथा: कापसाला दुसरीच अडचण येईल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. जिल्ह्याच्या डायमेन्शनमध्ये ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारखा ठेवा, फॅक्टमध्ये दोन किल्ल्या (तक्ते जोडणारे कोड): तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा. नाहीतर त्या वर्षी धुळ्याचा कापूस एकदम घटल्यासारखा दिसेल. आजची किल्ली गाव किंवा तालुक्यावरून लावता येते. जुना आकडा फक्त जिल्ह्याचा असेल, तर तो अंदाजाने फोडण्यापेक्षा दोन्ही जिल्हे एकत्र दाखवा.