विकास शुल्क महागाईला बांधायचं, की रेडी रेकनरलाच टांगून ठेवायचं?

जलवाहिनी
‘पाया ते कळस’ यांनी परवा दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, की विकास शुल्क (बांधकाम परवानगी देताना रस्ते-पाण्यासारख्या सोयींसाठी घेतात ते) दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी एक वीट रचून दाखवावी. शुल्क रेडी रेकनरच्या टक्केवारीत आहे, रेकनर वाढला की तेही वाढतं, त्यावर आणखी वाढ म्हणजे घर घेणाऱ्याच्या गळ्याला फास, असं त्यांचं म्हणणं. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

वीट मी रचलेली नाही. एकतीस वर्षं पाइप टाकलेत. रेकनर हा मुळात मुद्रांक शुल्कासाठी केलेला जमिनीच्या भावाचा तक्ता आहे. पाण्याची टाकी बांधायला काय लागतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं दर जैसे थे ठेवले. २०२५ला मुंबई वगळता राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के. त्या दोन वर्षांत सिमेंट, डिझेल, मजुरी जागच्या जागी थांबली होती का? ठेकेदाराच्या करारात भाववाढीचं कलम असतं, सिमेंट-पोलाद-डांबराचा फरक स्टार रेटने, म्हणजे करारात धरलेल्या मूळ दराशी ताडून, मोजून द्यावाच लागतो. म्हणजे पालिकेचा खर्च महागाईने धावतो, आणि जमा बाजू रेकनर कधी हलतो याची वाट बघत बसते. जकात आणि एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेल्यावर जीएसटीची जी भरपाई मिळते, तीसुद्धा कायद्याने वर्षाला ८ टक्के वाढते. विकास शुल्कालाच काय झालं?

एका गावात मी स्वतः ४५० मिलिमीटरच्या वाहिनीचं अंदाजपत्रक केलं होतं. पैसे जमेपर्यंत दर एवढे चढले, की त्याच रकमेत ३०० मिलिमीटरची बसवावी लागली. वाचणाऱ्याला वाटेल, थोडी बारीक झाली, एवढंच. तेवढ्याच दाबाला ३००च्या पाइपातून ४५०च्या जेमतेम एक तृतीयांश पाणी जातं. आज त्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, आणि शिव्या खातो तो व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस.

पाया ते कळस
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. मी टॉवर बांधणारा नाही. वर्षा-दोन वर्षांत बारा-सोळा फ्लॅटची एक इमारत, बस. परवानगीसाठी पैसे भरायच्या चलनात काय असतं ते सांगतो. जमिनीवर विकास शुल्क, बांधकामावर विकास शुल्क म्हणजे निवासी असेल तर रेकनरच्या २ टक्के, मेट्रोसाठी त्यावर आणखी शंभर टक्के, प्रीमियम एफएसआय म्हणजे पैसे भरून मिळणारं जास्तीचं बांधकाम, अ‍ॅन्सिलरीचा म्हणजे जिने-बाल्कन्यांसारख्या जागेचा प्रीमियम, मजूर कल्याणाचा १ टक्का उपकर. हे सगळं वीट रचायच्या आधी. बँक या पैशाला कर्ज देत नाही, मी बाहेरून उचलतो आणि महिन्याला व्याज भरतो. फाईल अकरा महिने फिरली, त्या अकरा महिन्यांचं व्याज कुठल्या निर्देशांकात बसवणार तुम्ही?

एवढं भरून हातात काय पडतं? पाणी उपलब्ध नाही असं पत्र. तुमचा ३००चा पाइपही नाही साहेब. मग आणखी कशाला द्यायचं?

नोकरदार ४५
२०२१मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मिळाली होती, डिसेंबरअखेरपर्यंत. घर एका रुपयाने स्वस्त झालं? मी त्याच वर्षी बुकिंग केलं, मला तर दिसलं नाही. शुल्क वाढलं की “ग्राहकाच्या खिशातून”, कमी झालं की आमच्या खिशात काहीच नाही.

पाया ते कळस
त्या सवलतीला अट होती. ज्याने सूट घेतली, त्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. मी सात जणांचं भरलंय, पावत्या आहेत.

कलम १२४
दोघेही थोडं थांबा. ती सूट प्रीमियमवर होती. धागा विकास शुल्कावर आहे. प्रीमियम म्हणजे जास्तीच्या एफएसआयची वगैरे किंमत. विकास शुल्क हे नगररचना कायद्यातलं वेगळं प्रकरण आहे, १९९२ साली घातलेलं. सुरुवातीला चौरस मीटरमागे ठरावीक रुपये होते. ते आकडे तसेच पडून राहिले, रुपया मात्र झिजत गेला. म्हणून पुढे टक्केवारी आली. जलवाहिनी म्हणतात तो रोग जुनाच आहे, त्यावर आणलेलं औषध म्हणजे रेकनर. आता औषधच लागू पडत नाही म्हणत असाल, तर तो बदल विधिमंडळाने करायचा आहे. एकट्या पालिकेला ठराव करून टक्केवारीचा पाया बदलता येत नाही.

सिंहगड रस्ता
“पाणी उपलब्ध नाही असं पत्र” हे वाचलं आणि डोकं फिरलं. त्या पत्राच्या बदल्यात हमीपत्र कोण लिहून देतं? तुम्हीच ना? ‘नळ येईपर्यंत पाण्याची सोय विकासक करेल.’ स्टॅम्प पेपरवर, सहीशिक्क्यानिशी. सोसायटी हस्तांतरित झाली, की त्या कागदाला कोणी विचारत नाही.

आमचे ८४ फ्लॅट. रोज ६ टँकर, एकाला ११०० रुपये. महिन्याला १ लाख ९८ हजार. फ्लॅटमागे २३५७ रुपये, हे साध्या महिन्याचं. एप्रिल-मेमध्ये टँकरवाला सांगेल तो भाव. पहाटे पाच वाजता गेटपाशी उभं राहून टँकर मोजायची पाळी लावलीय आम्ही, कारण एका महिन्यात बिलावर नऊ टँकर जास्त निघाले. मी दर मंगळवारी उभी असते. टाकीचं झाकण उघडून काठी बुडवायची, खुणेपर्यंत भरलं की वहीत सही. जानेवारी २०२५ला जीबीएसची, म्हणजे गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा आमच्याच पट्ट्यातली नावं रोज बातम्यांत होती. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतलं हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा विचारलं. सांगणारा कोणी नव्हता. दोन महिने मी लेकीला उकळलेलं पाणी पाजत होते आणि तुम्ही इथे चलनाचं व्याज मोजताय.

पाया ते कळस
ताई, तुमच्या लेकीचं वाईट वाटतं, पण त्या साथीचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका. हमीपत्र दिल्याशिवाय परवानगी मिळत नाही. मी सही केली नाही तर दुसरा करेल. आणि माझ्या दोन इमारतींत हस्तांतरणानंतर वर्षभर मी टँकर पुरवलेत.

सिंहगड रस्ता
“मी केली नाही तर दुसरा करेल” यावरच हा सगळा पट्टा उभा राहिलाय. वर्षभर पुरवलेत, आणि नंतर? माणसं वर्षभर राहायला येतात का? पाणी देता येणार नाही हे माहीत असताना फ्लॅट विकला, याला आमच्या गावाकडे फसवणूक म्हणतात.

पाया ते कळस
तोंड सांभाळून. फसवणूक करायची असती तर इथे येऊन चलनाचा तपशील मांडला नसता. ब्रोशरमध्ये मी स्वच्छ ‘टँकरचे पाणी’ लिहितो. लोक तरी घेतात, कारण आत शहरात परवडत नाही.

नोकरदार ४५
लिहितात हे खरं आहे. माझ्या करारातही होतं, पान ३७. मी सही केली. परवडत नव्हतं हेही खरं.

कलम १२४
या टँकरच्या मुळाशी कोणाचा खिसा कोणता, हा प्रश्न आहे. जून २०२१ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण तिथलं नियोजनाचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिलं. शुल्क एका तिजोरीत आणि पाणी-कचऱ्याची जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर. शुल्क महागाईने वाढवा नाहीतर दुप्पट करा, तिजोरी चुकीची असेल तर सिंहगड रस्ता यांच्या टाकीत थेंब येणार नाही. आणि कायद्याने विकास शुल्काचा निधी वेगळा ठेवायचा आहे, सार्वजनिक सोयींसाठीच वापरायचा आहे. पगार-पेन्शनमध्ये मिसळायचा नाही.

दोन गुंठे
तुम्हा पुणेकरांच्या भांडणात सोलापूरचा एक माणूस घुसतोय, माफ करा. मी बिल्डर नाही, फ्लॅटवालाही नाही. निवृत्तीच्या पैशातून दोन गुंठ्यांवर स्वतःचं घर बांधलं, ११० चौरस मीटर बांधकाम. अर्ज मार्च २०२५मध्ये दिला, चलन निघालं एप्रिलमध्ये. मधल्या १ तारखेला रेकनर वाढला. सोलापुरात सरासरी वाढ १०.१७ टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. पुण्याची ४.१६. ८ हजार दराने जमीन-बांधकाम मिळून साडेपंचवीस हजार बसले असते, त्यावर अडीच हजार वाढले. रक्कम मोठी नाही, मान्य. पण त्या एका महिन्यात माझ्या गल्लीतला पाइप दहा टक्क्यांनी महाग झाला होता का? आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जमिनीचा भाव कोणीतरी बाहेरून येऊन वाढवतो, आणि शुल्क मी भरतो.

जलवाहिनी
दोन गुंठे, तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. शुल्क बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाला बांधलं असतं, तर २०२३ आणि २०२४ला तुमच्याकडे थोडं थोडं चढलं असतं आणि २०२५ला असा एकदम दणका बसला नसता. मी वाढीची बाजू घेत नाहीये, ज्याच्यासाठी पैसा घेतो त्याच्या भावाने तो घ्या म्हणतोय. रेकनरच्याच तक्त्यांत बांधकामाचा दर वेगळा छापलेला असतो. सार्वजनिक बांधकामची दरसूची असते. नवीन काही शोधायचं नाही.

आणि पाया ते कळस, हिशेब तुमच्याच टक्क्यांनी करू. चौरस मीटरला ३० हजारांचा रेकनर, ६० चौरस मीटरचा फ्लॅट. बांधकामावरचं शुल्क ३६ हजार, मेट्रो धरून ७२ हजार. सिंहगड रस्ता यांच्या टँकरचे फ्लॅटमागे वर्षाचे २८ हजार होतात. अडीच वर्षांत तेवढे पैसे त्या टँकरवाल्याला देऊन मोकळ्या झाल्या, आणि पुढेही देतच राहणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शुल्क दाबून ठेवलं म्हणून घर स्वस्त राहिलं, हे मला एकदा या हिशेबात दाखवा.

पाया ते कळस
७२ हजारांतले ३६ हजार मेट्रोला गेले, हे तुम्हीच लिहिलंत. त्यातून पाइप येणार नाही, मग टँकरशी तुलना कशी करता? आणि रस्त्याचं काय? कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता, ५० मीटरवर आला. सिमेंट महाग झालं म्हणून नाही, जागा घ्यायला पैसे नव्हते म्हणून. २०१३च्या कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. रस्त्याचा मोठा खर्च जमिनीचा असतो, आणि जमिनीचा भाव रेकनरच दाखवतो. तुमचा पाइपचा निर्देशांक लावाल तर रस्ता ५०चा ३०वर येईल. एकतीस वर्षं पाइप टाकलेत म्हणून सगळं शहर पाइपच आहे असं समजू नका.

जलवाहिनी
हे बोचलं. रस्त्याच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, तो मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मग दोन भाग करा. जागेच्या खर्चापुरता रेकनर ठेवा. पाणी, मलनिस्सारण, पावसाळी गटारं यांच्यापुरता बांधकाम खर्च धरा, आणि दरवर्षी १ एप्रिलला आपोआप, कोणाच्या सहीची वाट न बघता. निवडणुकीच्या वर्षी दर गोठवायचे आणि नंतर एकदम चढवायचे, हा प्रकार तरी थांबेल.

पाया ते कळस
आपोआप वाढ असेल तर दर ठरायची तारीखही अर्जाचीच धरा, चलनाची नाही. फाईल अकरा महिने तुमच्या टेबलावर झोपणार आणि त्या झोपेची महागाई मी भरणार, हे चालणार नाही. दोन गुंठे यांनाही तेच झालं.

दोन गुंठे
याला माझा दुजोरा. बिल्डरशी सहमत होईन असं वाटलं नव्हतं.

जलवाहिनी
अर्जाची तारीख, मान्य. पण कागद अपुरे देऊन मार्चमध्ये नुसता अर्ज टाकून ठेवायचा, हेही मी पाहिलंय. ‘पूर्ण अर्जाची’ तारीख म्हणा.

पाया ते कळस
पूर्ण अर्जाची. आणि आमच्या भागात जमलेल्या विकास निधीतून किती पाण्यावर खर्च झाले, हे मला कागदावर बघू द्या. तो आकडा दिसला तर तुमचं सूत्र मी मान्य करतो. त्याच्या आधी नाही.

कलम १२४
माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून मेट्रो, रस्ता, टँकर सगळं एकात कोंबू नका. मसुदा असा: ‘१ एप्रिल २०२१पासून २३ समाविष्ट गावांतून विकास शुल्कापोटी जमा झालेली रक्कम, वर्षनिहाय व गावनिहाय, ती कोणत्या खात्यात जमा आहे, त्यातून पाणीपुरवठ्याच्या कोणत्या कामांवर किती खर्च झाला.’ दोन्ही कार्यालयांना वेगवेगळा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

सिंहगड रस्ता
दोन्ही अर्ज मी नेऊन देते, मंगळवारी माझी पाळी सातला संपते. हमीपत्रांचा अर्ज वेगळा करीन: गावनिहाय किती घेतली, आणि मोडल्याबद्दल किती विकासकांवर कारवाई झाली. पाया ते कळस, त्या अर्जावर दुसरी सही तुमची हवी.

पाया ते कळस
कुठे आणि किती वाजता ते कळवा.