सायकलने ऑफिसला जाते, पण पोचल्यावरचा अवतार... उपाय सुचवा प्लीज

मंडळी, दीड महिना झाला, कोथरूड डेपोपासून बाणेरला सायकलने ऑफिसला जातेय. ९ किमीच आहे पण सुरुवातीलाच चांदणी चौकाचा चढ. २०२२ ला जुना पूल पाडला, २०२३ ला नवीन झाला, चढ मात्र कोणी कमी केला नाही :) वर पोचेपर्यंत घामाच्या धारा, मग बावधनच्या उताराला वारं लागतं आणि वाटतं चला वाळलं सगळं, तर ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरले की परत सुरू! थांबल्यावरच जास्त का येतो हा घाम?

ऑफिसात शॉवर नाही. बायकांच्या वॉशरूममध्ये एकच बेसिन, साडेनऊला तिथे सगळ्यांची वेणीफणी चालू. परवा मी कोपरापर्यंत हात धुवून मान पुसत होते तर एक ज्युनियर मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे पण आज पाणी बंद का?" गुरुवार होता ना, पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुतेक गुरुवारीच.

सध्या टीशर्ट घालून जाते, कुर्ता सॅकमध्ये. पाठ चिंब आणि कुर्त्याचा बोळा. डिओ मारून बघितला, घाम अधिक डिओ हे नुसत्या घामापेक्षा भयानक आहे. केस मधे चप्पट, बाजूने झिपऱ्या. हेल्मेट सोडणार नाही, आणि ई-सायकल घे असं कृपया सांगू नका, ते नवरा रोज सांगतो.

दहाच्या मीटिंगआधी माणसात कसं यायचं? आणि ओला टीशर्ट दिवसभर ठेवता कुठे?

---

ताई, थांबल्यावर वारं बंद होतं पण अंग गरमच असतं, म्हणून घाम येत राहतो. लगेच पुसून कपडे बदलले की ते पण भिजतात. शेवटचा एक किलोमीटर रमतगमत चालवा, पार्किंगमध्ये सावलीला १०-१५ मिनिटं बसा, मग पुसा. ताज्या घामाला वास नसतो, अंगावरचे जंतू त्याचा वास करतात, म्हणून आंघोळ करूनच निघायचं आणि कालचा टीशर्ट चुकूनही नाही. टॉवेल नको, पंचा न्या, ओला करून पिळून पुसायचा, फॅनखाली तासात वाळतो. काखेत ओली तुरटी फिरवा. सॅक काढून कॅरियरला साइडबॅग लावा, पाठ निम्मी सुटेल. मी तर सोमवारी बसने जातो आणि आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट ड्रॉवरमध्ये टाकून येतो. ओला टीशर्ट हँगरला, जिन्यात. पिशवीत कोंबलात तर संध्याकाळी उघडवणार नाही.

---

धन्यवाद दादा! तुरटी बाबांच्या दाढीच्या डब्यात सापडली, पंचा पण त्यांचाच ढापलाय. जिन्यात टीशर्ट वाळत घातला तर सिक्युरिटीवाले काका काय म्हणतील बघते उद्या. पण केसांचं कोणीच बोललं नाही, बायका आहेत का इथे कोणी?