वायबुल असताना रोज नवं वितरण कशाला?

उद्यमबागचा पंपवाला:
संख्याशास्त्रातल्या भाच्याचा प्रबंध चाळला. वायबुल म्हणजे वस्तू किती काळ टिकेल हे सांगणारं संभाव्यतेचं वितरण. त्याला दोन प्राचलं (सूत्रातले ठरवायचे आकडे) जोडली, नवं नाव दिलं, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या, जो तो वापरतो त्याच 128 रुग्णांच्या आकड्यांवर बसवलं. एआयसी (सूत्र आकड्यांना किती बसतं याचा निर्देशांक, कमी तितका बरा) जरा उतरला की झालं नवं वितरण! आमच्या हायड्रॉलिक पंपाचं सील किती तास टिकेल ते 1951 च्या पेपरातलं वायबुल बरं सांगतं. आकाराचं प्राचल 1 च्या वर असलं तर झीज, खाली असलं तर सुरुवातीचे दोष. एवढं पुरतं की!

आकडेवाली, चिकोडी:
दादा, त्या 128 जणांचा चोथा झालाय, मान्य. पण वायबुलमध्ये बिघाडाचा दर एकतर चढतो, नाहीतर उतरतो, नाहीतर तसाच राहतो. आधी उतरून मग चढणारा दर, म्हणजे बाथटबसारखा आलेख, त्यात मावतच नाही. आर्सेट या संशोधकाचे 1987 चे 50 उपकरणांचे आकडे बघा, बरीच सुरुवातीला गेली, बरीच शेवटी. मुधोळकर आणि श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये वायबुलच्या वितरण फलनाला (अमुक वेळेपर्यंत बिघाड होण्याची शक्यता सांगणारं सूत्र) एकच घातांक लावला (आडनाव वाचून मुधोळ आठवतंच). बाथटब मिळाला, पालथा (आधी चढून मग उतरणारा) बाथटबही. घातांक 1 ठेवा, तुमचं वायबुल परत.

उद्यमबागचा पंपवाला:
बाई, तुम्ही दोन माल एकत्र मोजताय. ब्लोहोलवालं (आत हवेची पोकळी राहिलेलं) कास्टिंग लगेच गळतं, चांगलं असेल ते सील झिजेपर्यंत चालतं. कारणं वेगळी करा, प्रत्येकाला साधं वायबुल बसेल. घातांक 0.3 आला म्हणून फाउंड्रीवाल्याला काय सांगू?

निपाणीकर:
बरोबर बोललात!

दवाखान्यातल्या नोंदी बघणारा:
आमच्याकडेही गट दोनच. काहींचा आजार परत येतच नाही, कॅपलान-मायरचा आलेख (आजार न परतलेल्यांचं प्रमाण काळानुसार दाखवणारा) एका पातळीवर थांबतो. वायबुल त्याला शेवटी शून्यावर नेणारच, म्हणून बरे झालेल्यांचा हिस्सा वेगळा धरावा लागतो. खरी डोकेदुखी दुसरीच आहे. रुग्ण मध्येच मिरज-कोल्हापूरला जातो, पुढचं कळत नाही. आजार बळावल्यामुळेच गेला असेल तर कितीही लवचीक वितरण आणा, उत्तर चुकणारच.

आकडेवाली, चिकोडी:
पंपवाले दादा, कारण लिहून ठेवतं कोण? वॉरंटीच्या रजिस्टरात नुसतं ‘गळती’ असतं. रकानाच नसेल तर वेगळं काय करणार? आधी घातांकवालं बसवा, लाइकलीहूड रेशोनं (दोन सूत्रं आकड्यांना किती बसतात याची तुलना करणारी चाचणी) घातांक 1 आहे का तपासा. 1 नाकारता आला नाही तर खुशाल वायबुल ठेवा. आणि बहुतेक पंप अजून चालूच असतील तर भाच्याला चार प्राचलांच्या नादी लागू देऊ नका. बाथटबची उजवी बाजू ठरवायला बिघाडच नसतील.

उद्यमबागचा पंपवाला:
रजिस्टर पाठवतो. ‘गळती’ कुठून, ते मिस्त्रीला विचारून लिहायला लावतो.