मदत हवी आहे: राजदूत ३५० ला सीडीआय बसवू की ट्रान्झिस्टर इग्निशन?

नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची राजदूत ३५० आहे, अजून पॉइंट्सवरच (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क). कात्रजचा घाट चढताना ६००० आरपीएमच्या पुढे गाडी मिस करते. प्लग काढला की टोक काळं, तेलानं ओलं. पॉइंट्स घासले, कंडेन्सर बदलला, कार्बुरेटर दोनदा साफ केले. आठवडाभर बरी चालते, मग परत तेच.

नाना पेठेतले एक मेकॅनिककाका म्हणतात, डोळे मिटून सीडीआय (कपॅसिटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) टाक. मला पटतंयही. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी लागते. ७५०० आरपीएमला एका सिलेंडरला सेकंदाला १२५, म्हणजे मध्ये फक्त ८ मिलिसेकंद. पॉइंट्सवर तेवढ्यात कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) पूर्ण भरायला हवी. सीडीआयत कपॅसिटर ३००-४०० व्होल्टला भरून एका झटक्यात सुटतो, त्यामुळे तेलकट प्लगवरही ठिणगी पडते.

पण ती ठिणगी फार थोडा वेळ टिकते. इंडक्टिव्हची (म्हणजे कॉइलमध्ये ऊर्जा साठवून पाडलेली) मिलिसेकंदभर तरी राहते, अर्ध्या थ्रॉटलवर पातळ मिश्रण पेटवायला ती बरी. आणि माझी गाडी बहुतेक वेळ कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्येच असते! म्हणून पॉइंट्स काढून पिकअप (ठिणगीची वेळ ओळखणारा सेन्सर) आणि करंट तोडणारं ट्रान्झिस्टर मॉड्यूल लावावं, कॉइल इंडक्टिव्हच ठेवावी, असंही वाटतं.

बॅटरीवरचा सीडीआय कोणी या गाडीला लावलाय का? आयडलिंगला मूळचा अल्टरनेटर पुरतो का? सीडीआयला कॉइल वेगळी लागते हे माहीत आहे, तुम्ही कुठली वापरली? क्रँककेस कापायची नाही, बाबांना शब्द दिलाय.