पुतण्या ६९.५ किलोचा, गट ६५चा. वजन तोडलं की पायातला जीवच जातो, काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतण्याला सोळा पूर्ण झाली, चार वर्षं तालमीत आहे. मी स्वतः मातीतला. आमच्या वेळी जत्रेच्या मैदानात जोड नजरेनं लागायची, काटा कोण आणतोय! विनेश फोगटचं १०० ग्रॅमचं प्रकरण २०२४ला टीव्हीवर बघून हळहळलो होतो, आता तेच घरात आलंय.

निवड चाचणीला पोरगं १७ वर्षांखालच्या ६५ किलोत उतरलं. वस्तादांनी चार दिवस भाकरी बंद केली, शेवटचा दीड दिवस पाणी तोडलं, वर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळवलं. वस्ताद कन्नड, माणूस सोन्यासारखा, पण "नीर कुडीब्याड" (पाणी पिऊ नको) ऐकून ऐकून पोरगं झोपेतही दचकायचं. सकाळी काट्यावर ६४.९. सगळे खूश. पोराचे ओठ सालपटलेले, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.

पहिली कुस्ती रेटून काढली. दुसरीत एकेरी पट धरला, पाय हातात आला, पण उचलायला कंबरेत जीवच नाही. तसाच गुडघ्यावर बसून राहिला. तालमीत रोज ज्याला लोळवतो, त्याच्याकडूनच हरला.

आता खरं कोडं. जिममध्ये उभं राहून मोजायचं मशीन आहे. दहा दिवस आधी त्यावर चरबी १२ टक्के होती. वजन द्यायच्या आदल्या रात्री १५! स्नायू मात्र घटलेले. उपाशी पोराची चरबी वाढली कशी? उभ्यानं लांब उडी एरवी २ मीटर ३५ जाते, त्या रात्री २ मीटर १४.

पुढच्या वेळी काय करू? एकानं वजन दिल्यावर सलाईन लावा म्हणून सांगितलंय. ७१ मध्ये घातला तर पंचाहत्तरचे गडी उतरून येतील, ही धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १

काका, मी बेळगावात फिजिओ आहे, खेळाडूंचंच बघतो. आधी सलाईन डोक्यातून काढा. बारा तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काही घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बंद आहे, रुग्णालयातल्या उपचाराची गोष्ट वेगळी. लघवीच्या गोळ्याही बंदच.

मशीन खोटं बोललं नाही, फसलं. ते पायातून बारीक करंट सोडतं. करंट पाण्यातून वाहतो, चरबीतून अडतो. अंग सुकलं की अडथळा वाढतो आणि मशीनला ती चरबी वाटते. तेव्हा १५ विसरा, १२ धरा, तेही अंदाजानंच.

आता हिशोब बघा. ६९.५ चे १२ टक्के म्हणजे ८.३ किलो चरबी, बाकी ६१.२. अमेरिकेत शाळकरी पैलवानांना चरबी ७ टक्क्यांखाली नेऊ देत नाहीत. ती मर्यादा लावली तर याचं वजन पावणेसहासष्टच्या खाली जातच नाही. म्हणजे चरबी कितीही झडवली तरी ६५ला पाणीच काढावं लागणार. अमेरिकेतच १९९७च्या अखेरीस महिनाभरात तीन कॉलेज पैलवान असा घाम काढताना दगावले, त्यानंतर नियम कडक झाले.

ताकद गेली ती नुसत्या पाण्यानं नाही. भाकरी बंद केल्यावर स्नायूंतली साठवलेली साखर संपते, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं. काट्यावर वजन उतरतं खरं, पण झटका द्यायला इंधनच उरत नाही. वस्तादांचीही चूक म्हणवत नाही. पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं, भरून काढायला रात्र मिळायची. २०१८पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत त्याच सकाळी होतं. उतरलेल्या किलोमागे दीड लिटर पाणी मीठ-साखर घालून प्यायचं म्हटलं तर साडेचार किलोचे पावणेसात लिटर. पहिल्या कुस्तीच्या आत कुठं मावणार?

माझं मत ७१. पंचाहत्तरवरून येणारा गडीही असाच सुकून येईल, तुमचा भरल्या पोटी उतरेल. चरबी मात्र पाणी प्यायलेल्या अंगावर, कातडीची घडी पकडायच्या चिमट्यानं मोजून घ्या.

धागाकर्ता

पावणेसात लिटर! आमची म्हैस पिते एवढं. हिशोब कागदावर लिहून घेतलाय, रविवारी वस्तादांकडे जातो. माझं कन्नड बाजारापुरतंच, 'चरबी १२ टक्के' कन्नडात कसं सांगायचं तेवढं कुणीतरी लिहा.