युद्धनौकेवरील माणसे कमी केल्याने धोका नेमका कुठे वाढतो?

दारव्ह्याचा विद्यार्थी: नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील असून अग्निवीर म्हणून नौदलात जाण्याची तयारी करीत आहे. अमेरिकेच्या आर्ले बर्क वर्गाच्या विनाशिकेवर सुमारे ३०० जण असतात आणि तिच्याहून बरीच मोठी असलेली झुमवाल्ट २०० हून कमी जणांत चालते, असे वाचले. काम यंत्रेच करणार असतील, तर कमी माणसांत बिघडते काय?

मोर्शीचा माजी नौसैनिक: भाऊ, जहाज चालवायला किती माणसे लागतात, हा हिशेब अर्धाच आहे, जहाजाला भोक पडल्यावर किती लागतात, हेही मोजावे लागते. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेची सॅम्युअल बी. रॉबर्ट्स ही फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका, सुरुंगावर आदळली. तिचा कणा मोडला, इंजिनरूममध्ये पाणी भरले आणि आगही लागली. सुमारे २०० जणांनी कित्येक तास झुंजून, भेगाळलेला वरचा भाग चक्क पोलादी तारांनी आवळून ती तरती ठेवली, आणि एकही जण दगावला नाही. आग विझवणारे, पाणी उपसणारे, टेकू लावणारे आणि जखमींना उचलणारे हात एकाच वेळी लागतात, शिवाय धुरात थकलेल्या तुकडीची जागा घ्यायला ताजी तुकडी लागते.

हिंगणघाटचा जिनिंगवाला: समुद्र मी मुंबईत एकदाच पाहिला, पण हा मुद्दा लगेच पटला. मी काम करतो तिथे कापूस रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, आपोआप जाऊ लागल्यापासून मजूर निम्म्यावर आले. मालकाचे चुकले असे म्हणवत नाही, मजुरी खरोखरच जड जाते. परंतु दोन हंगामांपूर्वी रुईने पेट घेतला तेव्हा ढीग ओढून बाजूला करायला आम्ही मोजून सहा जण होतो. आमच्यासाठी निदान गावातून माणसे धावत आली.

दारव्ह्याचा विद्यार्थी: म्हणजे एरवी, शांततेच्या काळात, अडचण नाही?

मोर्शीचा माजी नौसैनिक: आहे, आणि ती लवकर दिसत नाही. माणसे घटली तरी पहारा, रंगकाम, दुरुस्ती घटत नाही. ती उरलेल्यांच्या झोपेतून वसूल होते. २०१७ मध्ये फिट्झगेराल्ड आणि जॉन एस. मॅककेन या अमेरिकी विनाशिकांच्या व्यापारी जहाजांशी झालेल्या दोन वेगवेगळ्या टकरींत मिळून १७ नौसैनिक गेले. त्या वेळी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी आठवड्याला १०८ तासांपर्यंतच्या कामाचा उल्लेख केला होता. मॅककेनवर सुकाणूचे नियंत्रण कोणत्या पडद्याकडे आहे हेच ऐन वेळी उमगले नाही, तेव्हा दोष केवळ संख्येचा नव्हता, प्रशिक्षणाचाही होता. किनाऱ्यालगतच्या लढाईसाठी बांधलेल्या त्यांच्या एलसीएस जहाजांवरचा मूळ चमू ४० जणांचा ठरवला होता, तो पुढे ५० वर न्यावा लागला. आपल्या नौदलाच्या नव्या हिमगिरी फ्रिगेटवर मात्र सुमारे २२५ जण आहेत. आणि हो, भरती झालात तर एक ध्यानात असू द्या: आगीचा भोंगा वाजला की स्वयंपाकीसुद्धा पळी ठेवून पाण्याचा होज धरतो.

दारव्ह्याचा विद्यार्थी: धन्यवाद, काका. पोहण्याबरोबर आता दोर चढण्याचाही सराव सुरू करतो.